थीम पार्कमधलं फ्रेंच जेवण, गव्हाशिवाय

पुण्यात आमच्या गल्लीतल्या गिरणीवर एक अलिखित नियम होता: उपासाचं दळण सकाळी सगळ्यात आधी. गव्हाचा डबा एकदा जात्यातून गेला की नंतरच्या राजगिऱ्यात गव्हाचं पीठ उतरणारच, हे गिरणीवाल्याला सांगावं लागत नसे. सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार, हे तेव्हा त्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, पण आज डॉक्टर ज्याला क्रॉस कॉन्टॅक्ट म्हणतात तो प्रकार आमच्या आज्यांना पाठ होता.

लेकीला सातव्या वर्षी सीलिअ‍ॅक निघाला तेव्हा मला ही गिरणी आठवली, आणि बाहेर जेवायला जाताना अजूनही तीच डोळ्यांपुढे ठेवते. पदार्थात गहू आहे का, हा अर्धा प्रश्न झाला. त्याच्या आधी त्या तव्यावर, तेलात, परातीत काय होतं, हा उरलेला अर्धा. फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये हा उरलेला अर्धाच जास्त छळतो.

या लेखात मुख्यतः फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमधलं फ्रान्स पॅव्हिलियन, म्हणजे फ्रान्सच्या धर्तीवर उभारलेला भाग, धरलं आहे. भारतातून आई-वडील आले की अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं ऑरलँडोची वारी करतात, आणि त्या वारीत एक संध्याकाळ एपकॉटच्या तळ्याकाठी जातेच. पॅरिसबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

आधी घरात एकमत करा

ग्लुटेन हे गहू, बार्ली म्हणजे जव, आणि राय या धान्यांतलं प्रथिन. रवा, मैदा, दलिया ही सगळी गव्हाचीच भावंडं. सीलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार. तिच्यात बार्ली कदाचित चालेल, पण गव्हाने तासाभरात श्वास अडकू शकतो. तिसरा गट आहे तो ग्लुटेन खाल्लं की पोट जड होतं म्हणून टाळणाऱ्यांचा. तिघांनी वेटरला सांगायची वाक्यं वेगवेगळी आहेत. तिसऱ्या गटातल्या माणसाने ‘मला सीलिअ‍ॅक आहे’ म्हणून सांगायचं आणि शेवटी नवऱ्याच्या ताटातला क्रोसाँ चाखायचा, हे कृपा करून करू नये. पुढच्या टेबलावरच्या खऱ्या रुग्णाचं म्हणणं मग स्वयंपाकघर हलक्यावर घेतं.

घरातली वडीलधारी मंडळी हा या पायरीचा अवघड भाग. ‘अगं, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?’ हे माझ्या सासूबाईंचं वाक्य. अमेरिका, युरोप आणि भारत, तिन्हीकडे पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ छापायची मर्यादा एका किलोत २० मिलिग्रॅम आहे. त्यांना हा आकडा सांगून उपयोग झाला नाही. गिरणीचं उदाहरण दिलं तेव्हा एका मिनिटात पटलं.

कुठे जेवायचं

एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झालं. तळ्याभोवती अकरा देशांची पॅव्हिलियन आहेत आणि फ्रान्स हे मोरोक्को आणि ब्रिटन यांच्या मध्ये. इथलं ‘शेफ द फ्रान्स’ हे रेस्टॉरंट पॉल बोक्यूज, गास्ताँ लनोत्र आणि रोजे व्हेर्जे या तीन नामवंत फ्रेंच शेफनी उभं केलं. त्याच्याच वरच्या मजल्यावर ‘मस्यो पॉल’, ठरावीक कोर्सेसचं महागडं जेवण. मागच्या बाजूला, ‘रातातुई’ या कार्टून चित्रपटातल्या रेमी उंदराच्या राइडजवळ, ‘ला क्रेपरी द पारी’, म्हणजे क्रेप या पातळ फ्रेंच पोळ्यांचं रेस्टॉरंट. ती राइड आणि ही क्रेपरी एकाच दिवशी, १ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली.

माझं मत विचाराल तर ग्लुटेन टाळणाऱ्याने आधी क्रेपरीकडे बघावं, मग शेफ द फ्रान्सकडे. मस्यो पॉल हे मोठ्यांचं, निवांत संध्याकाळचं प्रकरण आहे. तिथे कोर्सेस आधीच ठरलेले असल्यामुळे बदल हवे असतील तर बुकिंगच्या वेळीच बोलून घ्यावं लागतं. पॅव्हिलियनमधल्या ‘ले आल’ बेकरीत मात्र सीलिअ‍ॅकवाल्याने कॉफीपुरतंच जावं. बॅगेट (लांब फ्रेंच पाव) आणि क्रोसाँचे ढीग, काउंटरवर चुऱ्याचा सडा, आणि सगळ्या डिशना फिरणारा तोच चिमटा. त्या दुकानाचा यात काही दोष नाही, बेकरी ही अशीच असते.

एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा. डिस्नेच्या पार्कमध्ये असूनही फ्रान्स पॅव्हिलियनची रेस्टॉरंट डिस्ने स्वतः चालवत नाही. त्यामुळे मॅजिक किंगडममधल्या डिस्नेच्याच ‘बी अवर गेस्ट’मध्ये एखादी गोष्ट झाली म्हणून ती इथेही तशीच होईल असं धरू नका. ‘बी अवर गेस्ट’ हाही चांगला पर्याय आहे, फ्रेंच वळणाचं जेवण आणि राक्षसाच्या किल्ल्यातला थाट. पण दोन्ही ठिकाणी त्या त्या पार्कचं तिकीट लागतं, तेव्हा दिवस आखताना एकच निवडा.

बुकिंग

टेबलाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, फ्लोरिडाच्या वेळेनुसार सकाळी सहाच्या सुमारास. भारतातून करणार असाल तर उन्हाळ्यात ती दुपारी साडेतीनची वेळ, हिवाळ्यात साडेचारची. बुकिंग करताना अ‍ॅलर्जीचा रकाना येतो. तिथे ग्लुटेन निवडा, आणि टेबलावरच्या सगळ्यांसाठी नको, ज्याला आजार आहे त्याच्याच नावापुढे. आठ जणांच्या बुकिंगवर आठ सीलिअ‍ॅक दिसले तर स्वयंपाकघराला काही अर्थबोध होत नाही.

वेळ निवडताना मी नेहमी गर्दीच्या आधीची घेते: जेवण सुरू होतं ती पहिली पंगत, किंवा दुपारी चारच्या आसपास. त्या वेळी ओटे नुकते पुसलेले असतात आणि शेफला टेबलापाशी यायला फुरसत असते. रात्री आठला, आतषबाजीच्या तोंडावर, कितीही भला माणूस असला तरी तुमचा प्रश्न अर्धाच ऐकतो. (उपासाचं दळण सकाळी आधी, पुन्हा तेच.)

दारात आणि टेबलावर काय बोलायचं

तीनदा सांगावं लागतं: दारात नाव सांगताना, वेटर पहिल्यांदा आला की, आणि ताट समोर आलं की. तिसऱ्यांदा सांगायला संकोच वाटतो, पण तोच खरा उपयोगाचा. ताट आणणारा बऱ्याचदा तुमची ऑर्डर घेणारा नसतो. ‘हे ग्लुटेन नसलेलं ताट ना?’ एवढंच विचारायचं आणि मग काटा उचलायचा.

आपल्या लोकांची एक खोड इथे आड येते. आपण एका दमात सांगतो: आम्ही शाकाहारी, हिला अंडं चालत नाही, ह्यांना कांदा नको, आणि मुलीला ग्लुटेन नको. वेटरच्या वहीत या चारही गोष्टी आवडीनिवडी म्हणून एकाच ओळीत जातात. आजाराची गोष्ट आधी, एकटी, सांगा. ‘सीलिअ‍ॅक डिसीज आहे, गहू-बार्ली-राय काहीही नको, वेगळं भांडं आणि वेगळी पळी लागेल.’ तो मान डोलावून लिहून घेईपर्यंत थांबा. शाकाहाराचं त्यानंतर.

अ‍ॅलर्जीचा वेगळा मेनू मागा आणि शेफशी बोलायचं आहे असं सांगा. डिस्नेच्या रेस्टॉरंटमध्ये शेफ किंवा त्याचं प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी टेबलावर येतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्यांच्या मेनूवर शब्द ‘अ‍ॅलर्जी फ्रेंडली’ असतो, ‘फ्री’ नसतो, आणि तो जाणूनबुजून निवडलेला आहे. स्वयंपाकघर एकच असतं, त्यामुळे पूर्ण हमी ते देत नाहीत. त्यांनी प्रामाणिकपणे दिलेली ही सूचना आहे, ती वाचून घाबरायचं नाही आणि विसरायचंही नाही.

शेफ आला की ‘हे ग्लुटेन फ्री आहे का’ हा प्रश्न विचारू नका, कारण त्याचं उत्तर ‘हो’ येतं आणि बोलणं संपतं. ‘हे तुम्ही कसं करता?’ असं विचारा. मग तो सांगायला लागतो: आधी मासा पिठात घोळवतो, मग लोण्यात... आणि तुम्हाला हवं ते कळलेलं असतं.

पावाची टोपली हे आणखी एक संकट. फ्रेंच टेबलावर ती न मागता येते आणि मधोमध बसते. बॅगेट मोडला की चुरा उडतो, तेच हात लोण्याच्या वाटीत जातात. आम्ही टोपली आजोबांच्या टोकाला सरकवतो आणि लेकीसाठी लोण्याची वेगळी वाटी मागतो. अगदीच लहान मूल असेल तर टोपली परत पाठवलेली बरी.

मेनू वाचताना

फ्रेंच स्वयंपाकात मैदा दिसतो तिथे तो कमी धोक्याचा. कीश, क्रोक-मस्यो, टार्ट, व्होलोव्हाँ यांत पीठ आहे हे कुणीही ओळखेल. खरा मैदा रश्शात लपलेला असतो. लोण्यावर मैदा परतायचा, त्याला ‘रू’ म्हणतात, आणि त्यात दूध घातलं की बेशामेल, रस्सा घातला की व्हलूते. आपण कढीला बेसन लावतो तसाच प्रकार. म्हणून सॉस लागलेल्या प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न: दाटपणा कशाने आणला आहे?

कांद्याचं सूप घ्या. वर चीज, चीजखाली भिजलेला पाव. ‘पाव काढून द्या’ म्हटलं की काम झालं असं वाटतं, पण बरेच आचारी कांदा परतताना चमचाभर मैदा भुरभुरतात, तो सुपात विरघळलेला असतो. शिवाय रस्सा बहुधा गाईच्या हाडांचा, तेव्हा शाकाहारी मंडळींनाही ते चालणार नाही. आमच्या घरी हे सूप दोन्ही कारणांनी बाद.

माशांमध्ये ‘मनिएर’ हा शब्द शोधा. सोल मनिएर, त्रूत मनिएर. या शब्दाचा अर्थच मुळी ‘गिरणीवालीच्या पद्धतीचा’ असा आहे, कारण मासा पिठात घोळवून लोण्यात तळतात. मला हे कळलं त्या दिवशी मी खूप हसले. शेफला सांगितलं तर तोच मासा पिठाशिवाय, स्वच्छ तव्यावर करून देता येतो. लोणी, लिंबू आणि पार्स्ली तेच राहतात, फक्त वरचं कुरकुरीत साल नसतं.

मांसाच्या पदार्थांत बफ बूर्गिन्यों आणि कोको व्हाँ हे रेड वाइनमध्ये शिजवलेले रस्से आहेत. बहुतेक ठिकाणी त्यात मैदा असतो आणि ते सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेले असतात, त्यामुळे ‘माझ्यासाठी बिनमैद्याचं’ हे शक्य नसतं. बदकाचं कोंफी मात्र बदकाच्याच चरबीत मंद शिजतं, पिठाची गरज नसते. त्याच्याखाली पसरलेल्या सॉसची चौकशी करा. ऑलँदेझ आणि बेआर्नेझ हे सॉस अंड्याचा पिवळा बलक आणि लोणी यांचे, मूळ कृतीत मैदा नाही. शिंपले वाइनमध्ये वाफवलेले असले तर तेही सहसा ठीक, पण बाउलच्या कडेला पाव टेकवून आणू नका हे आधीच सांगायचं.

स्टेक-फ्रीत, म्हणजे स्टेक आणि बटाट्याच्या फ्राइज, हा सगळ्यांचा आवडता पदार्थ. बटाटा निर्दोष, तेल संशयित. ज्या कढईत ब्रेडचा चुरा लावलेलं चिकन तळलं त्याच तेलात फ्राइज उतरले तर ते आपल्यासाठी गेले. ‘फ्राइजची कढई वेगळी आहे का?’ हा प्रश्न जगातल्या कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये विचारा. उत्तर देताना माणूस क्षणभर अडखळला तरी उकडलेल्या बटाट्यावर या.

शाकाहारी माणसाचं पान थोडं लहान, पण अगदी रिकामं नाही. रातातुईय म्हणजे वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो, सगळं ऑलिव्ह तेलात. त्यात पिठाला वाव नाही. बटाटा, साय आणि लसणाचं ग्राताँ दोफिन्वा मूळ कृतीत बिनमैद्याचं असतं, पण नुसतं ‘ग्राताँ’ लिहिलं असेल तर आत बेशामेल असण्याची शक्यता मोठी. सॅलड मागताना क्रूतों, म्हणजे पावाचे कुरकुरीत तुकडे, नकोत हे सांगावंच लागतं.

काळ्या गव्हाची गंमत

आता क्रेपरी. फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथे गॅलेत, म्हणजे खारे क्रेप, करतात ते बकव्हीटच्या पिठाचे. बकव्हीट म्हणजे आपल्या उत्तरेकडच्या नवरात्रातला कुट्टू. फ्रेंचमध्ये त्याला ‘सारासाँ’ म्हणतात, आणि दुसरं नाव ‘ब्ले न्वार’, म्हणजे काळा गहू. नावात गहू असला तरी त्याचा गव्हाशी काही संबंध नाही, गवतवर्गीयच नाही ते, त्यामुळे ग्लुटेनही नाही. आपल्याकडे वरी-राजगिरा उपासाला चालतो त्याच न्यायाने हा सीलिअ‍ॅकला चालतो.

करताना बघायला मिळालं तर जरूर बघा. जाड गोल लोखंडी तवा, त्याला बिलिग म्हणतात. त्यावर पळीभर पातळ पीठ टाकायचं आणि लाकडी दांडीने, जणू घावन फिरवतोय असं, गोल पसरवायचं. कडा तपकिरी होऊन जाळी पडली की मधे चीज, अंडं, हॅम घालून चारी बाजू दुमडायच्या. माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘हे तर आपलं धिरडंच!’ आणि हॅम वगळून चीज-मशरूमचं धिरडं त्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

इथे तीन प्रश्न विचारायचे. पहिला: पीठ पूर्ण बकव्हीटचं आहे का? काही ठिकाणी ते तव्यावर फाटू नये म्हणून थोडं गव्हाचं पीठ मिसळतात, फ्रान्समध्येही. दुसरा: गोड क्रेप कुठल्या तव्यावर होतात? गोड क्रेप हे सहसा गव्हाच्या पिठाचे. तोच तवा, तीच लाकडी दांडी असेल तर परातीत पोळीची कणीक मळून लगेच त्यातच भाकरी थापण्यासारखं झालं. तिसरा: गोड भरण बकव्हीटच्या गॅलेतवर मिळेल का? लोणी-साखर किंवा चॉकलेट घातलं तरी ते झकास लागतं, थोडा खमंग भाजका वास उलट चढच ठरतो. गॅलेतसोबत ब्रिटनीत सफरचंदाची सायडर पितात. ती ग्लुटेनच्या दृष्टीने ठीक, बियर मात्र बार्लीची.

गोडाचं पान

क्रेम ब्रुले ही आमची ठरलेली जागा: साय, अंड्याचा बलक, साखर, आणि वर जाळलेल्या साखरेची काच. अंडं न खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वर सजावटीला बिस्किट खोचून आणतात, ते नको हे आधी सांगा, आल्यावर काढून उपयोग नाही. चॉकलेट मूस, क्रेम कारामेल, ईल फ्लोतांत हेही मूळ कृतीत पिठाशिवाय होतात. मॅकारोन बदामाच्या पिठाचे असले तरी ते बेकरीत, मैद्याच्या शेजारी घडतात. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर मी लेकीला देत नाही. पॅव्हिलियनमध्ये ‘लार्तिझाँ दे ग्लास’ हे आइस्क्रीमचं दुकान आहे. तिथे कोन न घेता कप मागा, आणि धुतलेला चमचा वापरून नव्या डब्यातून द्याल का असं विचारा.

चूक झाली तर

एका रेस्टॉरंटमध्ये, नाव सांगत नाही, लेकीच्या सॅलडवर क्रूतों आले. मी दाखवल्यावर वेटर दिलगिरी व्यक्त करत ताट घेऊन गेला आणि दीड मिनिटात परत आला. क्रूतों नव्हते, पण टोमॅटोची फोड पूर्वी होती तशीच, काठाशी तिरकी, आणि पानाखाली चुरा. नुसते वरचे वेचून काढले होते. तेव्हापासून मी चुकलेलं ताट नवीन येईपर्यंत टेबलावरच ठेवून घेते. गोड शब्दांत सांगायचं: ‘हे राहू द्या, नवीन आलं की घेऊन जा.’ कुणाला वाईट वाटत नाही आणि वेचावेचीला वाव राहत नाही.

चुकून घास गेलाच तर ज्याला सीलिअ‍ॅक आहे त्याने पाणी प्यावं, विश्रांती घ्यावी, त्रास वाढला तर पार्कचं प्रथमोपचार केंद्र गाठावं. दुकानात मिळणाऱ्या ग्लुटेन पचवणाऱ्या गोळ्यांवर विसंबून मुद्दाम पाव खाऊ नये. गव्हाची अ‍ॅलर्जी असून श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, तर एपिनेफ्रिनचं इंजेक्शन आणि ताबडतोब ९११ या आपत्कालीन नंबरला फोन. ते इंजेक्शन लॉकरमध्ये न ठेवता अंगावरच्या पिशवीत असू द्या.

पॅरिसला जाणार असाल तर

डिझ्नीलँड पॅरिसमध्ये ‘बिस्त्रो शे रेमी’ आहे, २०१४ साली उघडलेलं. तिथे तुम्ही उंदराच्या आकाराचे होऊन भल्यामोठ्या ताटल्या-झाकणांमध्ये बसता. युरोपात कायदा तुमच्या बाजूने आहे: चौदा अ‍ॅलर्जनची माहिती रेस्टॉरंटला द्यावीच लागते आणि ग्लुटेन असलेली धान्यं त्यात येतात. मागितलं की तक्ता दाखवतात. अमेरिकेत पाकिटबंद पदार्थांवर गहू लिहिणं केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे, पण तो नियम बार्लीला आणि रेस्टॉरंटच्या ताटाला लागू नाही. म्हणून फ्लोरिडात तोंडाने जास्त विचारावं लागतं. पॅरिससाठी दोन वाक्यं पाठ करा: ‘जे स्वी सेल्याक’ (मला सीलिअ‍ॅक आहे) आणि ‘सां ग्लुतेन, सिल व्हू प्ले’ (ग्लुटेनशिवाय द्या, कृपया). एपकॉटमध्येही बरेच कर्मचारी फ्रान्सहून आलेले असतात. तिथे ही वाक्यं टाकली की चेहरा खुलतो, पण नंतर तेच इंग्रजीतही सांगा.

पिशवीतला डबा

डिस्नेच्या पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येतं. फक्त कर्मचारी ते गरम करून किंवा फ्रिजमध्ये ठेवून देत नाहीत, तेव्हा गारच खाता येईल असं घ्या. आपल्या फराळातले सगळेच डबे सुरक्षित नसतात. खाकरा आणि ठेपला गव्हाचे, थालीपीठाच्या भाजणीत गहू, मेतकुटातही गहू असतो. बाजारच्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, म्हणून पोह्याच्या चिवड्याचंही पाकीट उलटून वाचा. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी, घरच्या तांदळाच्या पिठाच्या चकल्या बिनहिंगाच्या, हे आमचं ठरलेलं. काचेची बरणी मात्र हॉटेलवरच ठेवून जा, गेटवरून आत नेऊ देत नाहीत.